धुळीने आणलेला गारवा

१९०४ सालच्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टनजवळ बेंजामिन होल्ट यांनी आपल्या वाफेच्या ट्रॅक्टरची मागची चाकं काढली, त्या जागी लाकडी फळ्यांचे साखळीपट्टे बसवले आणि नदीमुखाजवळच्या मऊ शेतजमिनीत तो चालवून पाहिला. चाकं जिथे रुतून बसत, तिथे पट्ट्यांवरचा ट्रॅक्टर न बुडता पुढे गेला. पुढे १९२५ साली होल्ट आणि बेस्ट या दोन कंपन्या एकत्र आल्या आणि कॅटरपिलर उभी राहिली. डोझर आले, ग्रेडर आले, हायड्रॉलिक हात असलेली खोदयंत्रं आली. इंजिनाची ताकद दर दशकाला वाढत गेली. चालकाच्या वाट्याला मात्र पहिली पन्नासेक वर्षं लोखंडी सीट, पुढ्यात तापलेलं इंजिन आणि डोक्यावर उघडं आकाश यापलीकडे फारसं काही आलं नाही.

भारतातही तेच घडलं. लार्सन अँड टुब्रोने १९४५ साली कॅटरपिलरची यंत्रं इथे विकण्याचा करार केला. स्वातंत्र्यानंतर भाक्रा आणि कोयनेसारख्या धरणांच्या कामांवर डोझर, डंपर आणि शॉव्हेल आले. १९६४ साली भारत अर्थ मूव्हर्स, म्हणजे आजची बीईएमएल, स्थापन झाली. १९७९ साली एस्कॉर्ट्सच्या भागीदारीत जेसीबी भारतात आली. फ्रेंच पोक्लेन कंपनीच्या रचनेची खोदयंत्रं एल अँड टीने इथे बनवली आणि मराठी मुलखात मोठ्या खोदयंत्राला सर्रास ‘पोकलेन’ म्हणू लागले. या सगळ्या यंत्रांवर बसणाऱ्या ऑपरेटरचं उन्हाळ्यातलं संरक्षण म्हणजे वर पत्र्याचं छत आणि तोंडाला बांधलेला ओला दुपट्टा. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. इंजिन आणि हायड्रॉलिक तेलाची धग त्यात मिसळली की लोखंडी लिव्हरला उघडा हात लावणंही कठीण होई.

गार हवेचं तंत्र तोवर चांगलं जुनं झालं होतं. विलिस कॅरिअर यांनी १९०२ साली ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी जी यंत्रणा आखली, तिचा हेतू माणसांना गारवा देण्याचा नव्हता. दमट हवेने कागद फुगत होता, रंगीत छपाईतले रंग एकमेकांवर नीट बसत नव्हते, म्हणून हवेतला ओलावा काबूत आणायचा होता. चाकांवरच्या वाहनात हे तंत्र यायला आणखी काही दशकं लागली, कारण आधी योग्य वायू मिळायला हवा होता. त्या काळी शीतकरणाला अमोनिया, सल्फर डायऑक्साइड आणि मिथाइल क्लोराइड वापरत. गळती झाली तर बंद मोटारीत त्यातला कुठलाही वायू जिवावर बेतला असता. १९२८ साली थॉमस मिज्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरीन-फ्लोरीनयुक्त संयुगांकडे मोर्चा वळवला. १९३० साली अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत मिज्ली यांनी तो वायू स्वतः छातीत भरून घेतला आणि पेटत्या मेणबत्तीवर फुंकला. मेणबत्ती विझली, मिज्ली ठणठणीत राहिले. वायू विषारीही नाही आणि ज्वलनशीलही नाही, हे दोन्ही एकाच फुंकरीत सिद्ध झालं. हाच वायू पुढे फ्रिऑन या नावाने बाजारात आला. मेकॅनिक त्याच्या मोटारींतल्या प्रकाराला आर-१२ म्हणू लागले.

१९३९ च्या अखेरीस पॅकार्ड कंपनीने कारखान्यातूनच एसी बसवलेली मोटार विक्रीला आणली. तिचं कूलिंग कॉइल डिकीची बरीचशी जागा खाऊन मागे बसलेलं असे. वायू दाबणाऱ्या कॉम्प्रेसरला इंजिनापासून सोडवणारा क्लच नव्हता. इंजिन चालू आहे तोवर तो फिरतच राहायचा. एसी बंद करायचा तर चालकाने गाडी थांबवायची, बॉनेट उघडायचं आणि पट्टा उतरवायचा. पुढे विद्युतचुंबकीय क्लच आला, तेव्हा कुठे डॅशबोर्डवरचं बटण दाबून कॉम्प्रेसर जोडणं आणि सोडणं शक्य झालं. १९५४ साली नॅश कंपनीने सगळी यंत्रणा पुढच्या बॉनेटखाली आणि डॅशबोर्डमध्ये सामावली. १९६० चं दशक संपेपर्यंत अमेरिकेतल्या नव्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक एसीसह विकल्या जात होत्या. त्याच काळात त्याच देशात महामार्ग बांधणारे बहुतेक डोझर-चालक उघड्यावरच बसत होते.

त्यांना केबिन मिळाली ती सुखासाठी नव्हे. यंत्र उलटून चालक चिरडले जात होते. स्वीडनने १९५९ साली नव्या शेती-ट्रॅक्टरांना उलटण्यापासून वाचवणारी चौकट सक्तीची केली. अमेरिकेत १ सप्टेंबर १९७२ पासून बनलेल्या माती-कामाच्या बऱ्याच यंत्रांना तशी चौकट बंधनकारक झाली. एकदा चार मजबूत खांब उभे राहिले की त्यांच्यामध्ये काच बसवणं ही पुढची पायरी होती. ती आवाजामुळे चढली गेली. जॉन डिअरने १९७२ साली ट्रॅक्टरांवर ‘साउंड-गार्ड’ ही बंद केबिन आणली. ब्रिटनने १९७६ पासून नव्या ट्रॅक्टरांत चालकाच्या कानाशी आवाज ९० डेसिबलच्या आत ठेवण्याची अट घातली. ती पाळायची तर केबिन चहूबाजूंनी बंद हवी.

तिसरं कारण धूळ, आणि इतिहासात तेच सगळ्यात जड आहे. १९३०-३१ मध्ये अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनियात हॉक्स नेस्ट इथे जलविद्युत प्रकल्पासाठी डोंगरातून बोगदा खोदला गेला. खडकात सिलिकाचं प्रमाण प्रचंड होतं, आणि कोरडं ड्रिलिंग चालू होतं. शेकडो मजूर सिलिकोसिसने मेले. त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. फुप्फुसात बसलेली स्फटिकी धूळ परत निघत नाही आणि या आजारावर आजही खात्रीचा उपाय नाही. खडक फोडणाऱ्या, दगड उचलणाऱ्या प्रत्येक यंत्राभोवती हीच धूळ असते. अमेरिकेने २०१६ साली बांधकामावरच्या सिलिकाबाबत नवे नियम केले. खडक किंवा काँक्रीट फोडणाऱ्या यंत्राच्या बंद केबिनसाठी त्यांत स्पष्ट अटी आहेत: दाराची रबरी सील शाबूत हवीत, आत गाळलेली ताजी हवा सतत सोडून बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त दाब राखायला हवा, ठरावीक दर्जाचं सूक्ष्म फिल्टर हवं, आणि केबिनमध्ये थंड व गरम हवेची सोय हवी. एसी इथे आरोग्याच्या नियमात आला आहे. कारण उघड आहे. उन्हात काचेची बंद केबिन काही मिनिटांत भट्टी होते. गार हवा नसेल तर ऑपरेटर दार उघडणार, आणि दार उघडलं की दाब, फिल्टर आणि सील या तिघांवर केलेला खर्च वाया जाणार.

चंद्रपूर-बल्लारपूरच्या खुल्या कोळसा खाणींत हे फार जवळून कळतं. वर्धा खोऱ्यातल्या कोळशावर ठिकठिकाणी कामठी वाळूखडकाचे थर आहेत. कोळशापर्यंत पोहोचायचं तर आधी तो खडक सुरुंगाने फोडून, शॉव्हेलने उचलून, डंपरने दूर टाकावा लागतो. वाळूखडकाची धूळ म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ, म्हणजेच सिलिका. उन्हाळ्यात डंपर गेला की हौलरोडवर धुळीची भिंत उभी राहते. अशा ठिकाणी पाळीभर बसलेल्या ऑपरेटरसाठी बंद दार आणि चालू एसी ही फुप्फुसाची राखण आहे.

तंत्राच्या बाजूने पाहिलं तर अवजड यंत्रात एसी टिकवणं हे मोटारीपेक्षा कितीतरी अवघड काम. मोटार रस्त्यावर धावते तेव्हा गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरला समोरून येणारा वारा आपोआप थंड करतो. पोकलेन एका जागी उभी राहून फिरते. तिला स्वतःच्या पंख्याशिवाय वारा मिळत नाही. कंडेन्सर बहुधा रेडिएटर आणि तेलाच्या कूलरशेजारी असतो, म्हणजे तिघं एकाच धुळीची आणि एकाच उष्णतेची वाटणी करतात. खडक फोडणारा ब्रेकर लावला की सगळं यंत्र दिवसभर थरथरतं. होजची जोडणी सैल होते, ब्रॅकेटचे बोल्ट ढिले होतात, पट्ट्याची रेषा सरकते. सिएटलच्या रेड डॉटसारख्या कंपन्यांनी अवजड वाहनांसाठीच युनिट बनवायला सुरुवात केली आणि काही यंत्रांत कंडेन्सर छतावर नेला, तो याचसाठी.

कॉम्प्रेसरच्या बाबतीत एक जपानी नाव सगळ्या वर्कशॉपांत पोहोचलं. सांक्यो कंपनीने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मिचेल कंपनीचं तंत्र परवान्यावर घेतलं आणि पुढे सॅन्डेन हे नाव धारण केलं. तिचा एसडी-५०८ हा लहान, गोल, पाच सिलिंडरांचा कॉम्प्रेसर एका फेऱ्यात १३८ घनसेंटिमीटर वायू दाबतो. त्याआधीचे यॉर्कचे दोन पिस्टनांचे कॉम्प्रेसर वजनदार होते आणि त्यांचे हिसके ब्रॅकेटला सोसावे लागत. एसडी मालिकेचे कॉम्प्रेसर कमी थरथरत, कमी जागा घेत, आणि १२ किंवा २४ व्होल्टच्या क्लचसह मिळत. अवजड यंत्रांची वीजव्यवस्था बहुधा २४ व्होल्टची असल्यामुळे ते त्यांत सहज बसले. आज जुन्या डोझरपासून नव्या लोडरपर्यंत याच घराण्याचे कॉम्प्रेसर किंवा त्यांच्या नकला दिसतात.

‘कूलिंग येत नाही’ एवढ्या एका तक्रारीमागे काय काय असू शकतं, हे हाताखाली शिकलेल्या जुन्या मेकॅनिकच्या कामाच्या क्रमात दिसतं. तो गॅसच्या बाटलीकडे लगेच जात नाही. आधी केबिनचं फिल्टर काढतो. सीटमागचं किंवा बाजूचं फिल्टर मातीने लिंपलेलं असेल तर ब्लोअर कितीही फिरला तरी हवा येत नाही. मग कंडेन्सर. वर्कशॉपातल्या हवेच्या कॉम्प्रेसरची हवा किंवा पाणी तो नेहमीच्या वाऱ्याच्या उलट दिशेने, हलक्या दाबाने सोडतो, कारण समोरून जोर लावला तर धूळ जाळीत आणखी घट्ट बसते आणि पातळ पत्र्यांचे पंख वाकतात. त्यानंतर पट्टा, मग क्लच. इंजिन चालू करून बटण दाबलं की क्लचचा ‘टक’ असा आवाज यायला हवा. आला नाही तर वायर, फ्यूज, रिले आणि प्रेशर स्विच तपासायचे.

आणखी एक दोष वरवर दिसत नाही. बऱ्याच यंत्रांत एसी आणि हीटर एकाच डब्यात असतात. हीटरचा कॉक पूर्ण बंद होत नसेल तर इंजिनचं गरम पाणी कॉइलशेजारून फिरत राहतं आणि एसी गार करत असतानाच हीटर गरम करतो. हीटरचा होज चिमट्याने दाबून धरला आणि पाचेक मिनिटांत हवा गार झाली, की दोष सापडला. गॅस भरण्याचा खर्च वाचतो.

यानंतर दाब मोजणारे गेज. निळा कमी दाबाच्या लो साइडला, लाल जास्त दाबाच्या हाय साइडला. दोन्ही काटे कमी असतील तर गॅस कमी आहे, म्हणजे कुठेतरी गळती आहे. दोन्ही जास्त असतील तर कंडेन्सर चोक आहे, पंखा फिरत नाही किंवा कोणीतरी गॅस जास्त भरून ठेवलाय. लो साइड जास्त आणि हाय साइड कमी असेल तर कॉम्प्रेसर आतून झिजलाय. लो साइडचा काटा शून्याखाली, व्हॅक्यूममध्ये जात असेल तर गॅसचा प्रवाह आवळणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह अडलाय. अनेकदा त्याचं कारण प्रणालीत शिरलेला ओलावा असतो. तो व्हॉल्व्हच्या बारीक भोकाशी गोठून बसतो, यंत्र थोडा वेळ बंद ठेवलं की वितळतो, आणि एसी पुन्हा अर्धा तास बरा चालतो. म्हणूनच जोडणी उघडली की ओलावा शोषणारा रिसीव्हर-ड्रायर बदलायचा आणि गॅस भरण्याआधी निदान अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम पंप चालवायचा. दाब इतका खाली आणला की आत राहिलेलं पाणी साध्या तापमानाला उकळून वाफ होतं आणि पंपाबरोबर बाहेर पडतं. गडबडीच्या साइटवर सगळ्यात आधी गाळली जाते ती हीच पायरी, आणि मग पंधरवड्यात तेच यंत्र पुन्हा उभं राहतं.

आर-१२ च्या काळात गळती शोधायचं साधन म्हणजे हॅलाइड टॉर्च. एका छोट्या बर्नरवर तांब्याचा तुकडा लाल करायचा आणि बर्नरला जोडलेल्या रबरी नळीचं तोंड होजच्या एकेका जोडावरून फिरवायचं. नळीत गॅस ओढला गेला की त्यातलं क्लोरीन तापलेल्या तांब्याशी भेटे आणि निळसर ज्योत हिरवी होई. गळती मोठी असली तर निळी-जांभळी. त्या ज्योतीतून फॉस्जीन हा विषारी वायूही निघे, म्हणून बंद जागेत टॉर्च वापरायची नाही अशी सक्त ताकीद असे. ड्रायरवरच्या काचेच्या छोट्या खिडकीतून गॅस वाहताना दिसे. बुडबुडे दिसले की गॅस कमी. या दोन खुणांवर मेकॅनिकांच्या एका पिढीने आपलं कसब उभं केलं.

ती पिढी कामात असतानाच पायाखालची जमीन सरकली. १९७४ साली मारियो मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी क्लोरीनयुक्त हे वायू वातावरणाच्या वरच्या थरात ओझोन नष्ट करतात असं मांडलं. १९८५ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरच्या ओझोनची मोठी घट जाहीर केली. १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल करार झाला. १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला. आर-१२ ची जागा आर-१३४ए ने घेतली, आणि मेकॅनिकचं अर्धं ज्ञान बदललं. नव्या गॅसमध्ये क्लोरीन नाही, म्हणून टॉर्चची ज्योत हिरवी होत नाही. इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर किंवा अतिनील दिव्याखाली चमकणारा रंग वापरावा लागतो. जुनं खनिज तेल नव्या गॅसमध्ये मिसळत नाही. त्याला पॅग तेल लागतं, आणि ते हवेतला ओलावा इतक्या वेगाने शोषतं की डबा उघडा ठेवून चालत नाही. खिडकीतल्या बुडबुड्यांवर विसंबता येत नाही, कारण नव्या तेलामुळे प्रवाह धूसर दिसू शकतो. जुन्या रबरी होजमधून नवा गॅस झिरपतो, म्हणून आतून वेगळा थर दिलेले होज आले. चुकून दोन गॅस मिसळू नयेत म्हणून भरायच्या तोंडांचे आकारही बदलले.

भारतात २००८ साली सीएफसीचं, म्हणजे आर-१२ च्या घराण्यातल्या वायूंचं, उत्पादन जवळपास थांबलं आणि १ जानेवारी २०१० पासून औषधी फवाऱ्यांसारखे मोजके अपवाद सोडून वापर संपला. त्यासाठी राबवलेल्या राष्ट्रीय योजनेत देशभरातल्या रेफ्रिजरेशन आणि वाहन-एसी मेकॅनिकांना प्रशिक्षण दिलं गेलं. या टप्प्याचं श्रेय त्या कामगारांकडेही जायला हवं. ओझोनच्या थराबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार शेवटी होजच्या तोंडाशी बसलेल्या माणसाच्या हातूनच अमलात आला. आर-१२ वर चालणाऱ्या जुन्या यंत्रांचं तेल काढून, ओ-रिंग बदलून, नवा ड्रायर लावून त्यांनी ती नव्या गॅसवर आणली. ज्यांना प्रशिक्षण मिळालं नाही, त्यांच्या हातून मिसळलेल्या गॅसने कॉम्प्रेसर बसलेही.

आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण वजनाला वजन धरलं तर तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट तापमानवाढ घडवतो. युरोपने २०१७ पासून नव्या मोटारींत त्याच्यावर बंदी आणली. ती बंदी मोटारी आणि हलक्या व्यावसायिक वाहनांपुरती असल्याने खोदयंत्रं आणि डोझर तिच्या कक्षेबाहेर राहिले, आणि बहुतेक आजही याच गॅसवर चालतात. मॉन्ट्रियल कराराच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ साली मान्यता दिली. तिच्यानुसार भारताचा अशा वायूंचा वापर २०२८ मध्ये गोठवायचा आहे आणि २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी करत २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी उतरवायचा आहे. आज विकत घेतलेली पोकलेन त्या वेळापत्रकाच्या पहिल्या टप्प्यांत कामावरच असेल. तिच्या गळक्या जोडातून निसटलेल्या गॅसच्या जागी भरलेला प्रत्येक किलो नवा गॅस त्या हिशेबात धरला जाईल.

बंद केबिनच्या गरजेची कायद्याने दखल घ्यायला भारतातही सुरुवात झाली आहे. साडेतीन टनांहून जड असलेल्या नव्या ट्रकांच्या केबिनमध्ये २०२५ पासून एसी सक्तीचा झाला. समृद्धी महामार्गासारख्या ७०१ किलोमीटरच्या कामावर मुरूम वाहणाऱ्या टिपरचालकाला अशा नियमाचा थेट लाभ होतो. पण बांधकाम यंत्रं मोटार वाहन नियमांत वेगळ्या वर्गात मोडतात. टिपरमध्ये मुरूम भरून देणाऱ्या पोकलेनचा ऑपरेटर त्या नियमाखाली येत नाही. बॅकहो लोडरमध्ये तर एसी अनेक वर्षं जास्तीचे पैसे मोजून घ्यायचा पर्याय म्हणूनच मिळत आला. जिथे तो असतो तिथेही बिघडला की दुरुस्ती ‘काम संपल्यावर’ ढकलली जाते, डिझेल वाचवायला तो बंद ठेवायला सांगितलं जातं, आणि दार उघडं टाकून पाळी पूर्ण होते.

यावरचा उपाय महागडा नाही. इंजिन ऑइल, हायड्रॉलिक फिल्टर आणि ग्रीसिंगची नोंद प्रत्येक साइटवर तासांच्या हिशेबाने ठेवली जाते. त्याच वहीत केबिनचं फिल्टर, कंडेन्सरची सफाई, दाराचं रबर, पट्ट्याचा ताण आणि गेजचे दोन आकडे यांच्यासाठी चार-पाच रकाने आखता येतात. सरकारी निविदांत यंत्राचं वय आणि क्षमता लिहितात, तसंच ‘बंद केबिन, चालू एसी’ असं लिहिता येतं. एसी नादुरुस्त असेल तर ते यंत्र ब्रेक नादुरुस्त असलेल्या यंत्राइतकंच अयोग्य धरता येतं. आणि आयटीआयमधून दर वर्षी बाहेर पडणाऱ्या मेकॅनिकांना पुढच्या गॅसबदलाचं प्रशिक्षण २०२८ च्या आधी देता येतं, म्हणजे मिसळलेल्या गॅसने कॉम्प्रेसर बसण्याची वेळ पुन्हा येणार नाही.